रिपोर्टभर ‘आर’, मग आता औषध तरी कोणतं?

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वडील ६८ वर्षांचे, पंधरा वर्षांपासून मधुमेह. आतड्याला पीळ पडल्याने तातडीचं ऑपरेशन झालं आणि आतड्याचा तुकडा काढावा लागला. तेव्हापासून ते जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत. मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली औषधांची नळी) आणि लघवीची नळी आहे. सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, बीपी खाली गेलं. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू निघाला. रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळ्या औषधांपुढे ‘आर’ आहे. फक्त टायगेसायक्लिनपुढे ‘एस’ आणि कोलिस्टिनपुढे ‘आय’. फिजिशियननी कोलिस्टिन सुरू केलं. आता ते सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम अशी दोन महागडी इंजेक्शनं एकत्र द्यायची म्हणताहेत, आणि या दोन्हींपुढे ‘आर’ आहे! आयटीतला चुलतभाऊ म्हणतो, नापास औषधं कशाला, ‘एस’वालं द्या. सख्खे दादा म्हणतात, हॉस्पिटलनेच जंतू घातला, आजच पुण्याला हलवू. ताईंना वेगळंच खातंय: बाबा अंग मोडून आलं की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या शरीराला औषधांची सवय झाली असेल, आणि आपण त्यांना कधी अडवलं नाही. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. आईचा प्रश्न आहे की घरी आल्यावर बाबांचं ताट-वाटी वेगळी ठेवायची का.

ताई,

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत प्रत्येक ‘आर’भोवती लाल पेनाने गोल केलेला दिसतो. घरातले सगळे त्या कागदाकडे दहावीच्या निकालासारखं बघताय: अमुक विषयांत नापास, एकात पास, एकात काठावर. तुमच्या पत्रातले निम्मे प्रश्न या वाचनातून आलेले आहेत, म्हणून सुरुवात कागदापासूनच करतो. एक मात्र आधी सांगायला हवं. बाबांना समोर बसून तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही. त्यांना काय विचारायचं आणि त्यांचं उत्तर कसं समजून घ्यायचं, एवढ्यापुरतं ते वापरा.

‘आर’ म्हणजे हा जंतू या औषधाला दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो आणि ‘आय’ म्हणजे मधलं. यात बाबांच्या शरीराचा काही संबंध नाही. ‘शरीराला सवय होणं’ हा आपल्याकडचा फार पक्का समज आहे, पण औषधाला सरावतो तो जंतू. क्लेबसिएला औषध फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार करतो. ती तयार करण्याची कृती प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर लिहिलेली असते, आणि हा तुकडा एक जंतू शेजारच्या जंतूला देऊन टाकू शकतो. एका प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची हत्यारं असू शकतात. म्हणून रिपोर्टवर ‘आर’ एकेकटे येत नाहीत, झुंडीने येतात.

बाबांनी परस्पर घेतलेल्या गोळ्यांमुळेच हे झालं, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मागच्या ९० दिवसांत अँटिबायोटिक घेतलेलं असेल तर असे जंतू पोटात ठाण मांडून बसण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण अँटिबायोटिकं त्यांना ऑपरेशनच्या वेळी आणि नंतर आयसीयूतही मिळाली आहेत, आणि ती गरजेची होती. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२१ च्या अहवालानुसार इमिपेनेम या तगड्या अँटिबायोटिकला दाद देणाऱ्या क्लेबसिएलाचं प्रमाण २०१६ मध्ये ६५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ४३ टक्क्यांवर आलं. इतक्या मोठ्या घसरणीचा हिशोब तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या डब्याशी लावू नका. पुढे मात्र तो डबा रिकामा करा. १ मार्च २०१४ पासून बरीच अँटिबायोटिकं ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकली की मेडिकलवाल्याने वहीत नोंद करून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. नियम असा आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला आणि आम्हालाही माहीत आहे.

आता चुलतभावाचा मुद्दा. ‘एस’ दिसतंय तेच द्या, हा तर्क कागदावर बिनचूक वाटतो. पण प्रयोगशाळेत जंतू आणि औषध एका ताटलीत समोरासमोर असतात. माणसाच्या शरीरात औषधाला जंतूपर्यंत पोहोचावं लागतं. टायगेसायक्लिन रक्तातून पटकन निघून पेशींमध्ये शिरतं, त्यामुळे रक्तात त्याची पातळी कमी राहते. पोटातल्या किंवा त्वचेखालच्या काही संसर्गांत ते चालतं, पण रक्तातल्या जंतूवर एकट्याने भरवशाचं नाही. असंच लघवीच्या रिपोर्टमध्ये नायट्रोफ्युरँटॉइनपुढे ‘एस’ असतं. ते मूत्राशयात काम करतं, पण रक्तात पुरेसं साठतच नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिनो’ चाचणीत याहून चटका लावणारी गोष्ट दिसली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारे जंतू रक्तात असलेल्या रुग्णांमध्ये पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम प्रयोगशाळेत लागू पडत होतं. तरीही ते दिलेल्यांपैकी १२.३ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, आणि मेरोपेनेम (इमिपेनेमच्याच गटातलं औषध) दिलेल्यांपैकी ३.७ टक्के. म्हणजे कागदावर ‘एस’ असणं पुरेसं नसतं.

एमआयसीचे आकडे तर आणखी फसवे. हा आकडा म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. ‘ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात भारी’ हे अजिबात खरं नाही, कारण प्रत्येक औषधाची पट्टी निराळी. क्लेबसिएलासाठी अमिकासिनचा आकडा ४ आला तर ‘एस’ आणि मेरोपेनेमचा ४ आला तर ‘आर’. किलो आणि लिटर यांची तुलना करावी तसं हे आहे. आकडा वाचायचा तो त्याच ओळीतल्या त्याच औषधाच्या मर्यादेशी ताडून.

कोलिस्टिनपुढच्या ‘आय’ने तुम्ही घाबरलात, त्याचंही कारण त्या कागदाबाहेर आहे. प्रयोगशाळा ज्या अमेरिकी संस्थेचे निकष वापरतात, त्या सीएलएसआयने २०२० मध्ये कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच काढून टाकला. आकडा २ किंवा त्याखाली असला तरी ‘आय’च लिहायचं. बाबांच्या रिपोर्टमधला ०.५ हा आकडा या औषधासाठी उत्तम आहे, फक्त त्यापुढे ‘एस’ लिहायची सोयच उरलेली नाही. हा बदल करण्यामागे सबळ कारण होतं. कोलिस्टिन मूत्रपिंडाला झोंबतं. म्हणूनच सत्तरच्या दशकात ते बाजूला पडलं होतं, आणि बाकीची औषधं थकल्यावर पुन्हा बाहेर काढावं लागलं. (कोंबड्यांच्या खाद्यातही ते सर्रास घालत. आपल्याकडे २०१९ मध्ये त्यावर बंदी आली.) मूत्रपिंडाला सोसेल एवढ्या डोसमध्ये रक्तातली पातळी पुरेशी होईलच याचा भरवसा नाही. म्हणून क्लेबसिएलासाठी दुसरा पर्याय हाताशी असेल तर तज्ज्ञ तो आधी घेतात. कोलिस्टिन चालू आहे तोवर दोन गोष्टी विचारा: पहिला ‘लोडिंग डोस’ पूर्ण दिला होता का (मोठ्या माणसाला तो साधारण ९० लाख युनिटांचा असतो), आणि क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा) व लघवीचं प्रमाण रोज बघतात का. लोडिंग डोस चुकला तर औषधाची पातळी वर यायला दोन-तीन दिवस जातात, आणि नेमके तेच दिवस रुग्णासाठी मोलाचे असतात. एक तपासणीची गोष्टही विचारून ठेवा. कोलिस्टिनची चाचणी कागदी चकती ठेवून केली तर भरवशाची नसते, ती पातळ द्रावणातल्या पद्धतीने, म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने केलेली असावी.

आणि आता ती दोन ‘नापास’ औषधं. तुमच्या फिजिशियनांचा हा बेत आम्हाला सगळ्यात विचारपूर्वक केलेला वाटतो. आपल्या देशातल्या अशा क्लेबसिएलामध्ये बऱ्याचदा एनडीएम नावाचं विकर असतं. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते पहिल्यांदा सापडलं, म्हणून नावात नवी दिल्ली आली. २०१० मध्ये त्या नावावरून बरंच रणकंदनही झालं. एनडीएम जवळजवळ सगळी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं फोडतं, मेरोपेनेमसुद्धा. त्या कुळातलं एकच औषध त्याला फोडता येत नाही, ते अ‍ॅझट्रिओनाम. मग अ‍ॅझट्रिओनामपुढे ‘आर’ का? कारण त्याच जंतूकडे एनडीएमबरोबर दुसरीही विकरं असतात, आणि ती अ‍ॅझट्रिओनाम फोडतात. अविबॅक्टमचं काम नेमकं इथे आहे. ते या दुसऱ्या विकरांना जखडून ठेवतं, एनडीएमला मात्र त्याचा काही उपाय चालत नाही. म्हणजे एकटं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम एनडीएमपुढे हरतं आणि एकटं अ‍ॅझट्रिओनाम इतर विकरांपुढे. दोघं एकत्र आली की अविबॅक्टम वाट मोकळी करतं आणि अ‍ॅझट्रिओनाम जंतूला मारतं. रिपोर्टवर प्रत्येक औषध एकेकटं तपासलेलं असल्याने ही जोडी त्यात दिसतच नाही.

ही जोडी देताना हमखास होणारी चूक म्हणजे वेळा. एक सकाळी आठला आणि दुसरं अकराला, अशी सलग लावली तर जोडीचा फायदाच निघून जातो. दोन्ही एकाच वेळी, साधारण तीन तास सावकाश जायला हवीत. सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम नेहमी २.५ ग्रॅम दर आठ तासांनी, अ‍ॅझट्रिओनाम २ ग्रॅम दर सहा किंवा आठ तासांनी, आणि मूत्रपिंडाच्या कामानुसार डोस बदलतात. सिस्टरना अडवून जाब विचारू नका. ‘दोन्ही सोबत लावायची आहेत ना?’ एवढं नीट विचारलं तरी पुरतं. प्रयोगशाळेला ही जोडी एकत्र तपासता येते का, हेही डॉक्टरांना विचारा. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. आणि विकर कोणतं हे कळायला आठवडा लागत नाही. टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठी आपण जे यंत्र ओळखतो, त्यातच वेगळं कार्ट्रिज घातलं की वाढलेल्या जंतूत एनडीएम आहे की ओएक्सए-४८ हे दुसरं विकर, हे सुमारे तासाभरात समजतं. ओएक्सए-४८ एकटंच निघालं तर अ‍ॅझट्रिओनामची गरजच नाही, एकटं सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम पुरतं आणि खर्च वाचतो.

खर्चाचं बोलायचं तर ही जोडी खिसा रिकामा करते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो, म्हणून चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहून मागा. हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाला) आजच गाठा. अजून एक, अगदी साधं काम: पुढच्या २४ तासांच्या कुप्या हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये आहेत का, हे रोज दुपारी तपासा. रात्री दोनला ‘संपलं, बाहेरून आणा’ म्हणायची वेळ आली की एक डोस हमखास हुकतो. दादांच्या धावपळीला इथे खरी जागा आहे.

इतकं औषधांचं झालं. पण ताई, तुमच्या चार पानी पत्रात मानेतल्या लाइनचा उल्लेख एकदाच आहे, तोही ओझरता. आम्ही तुमच्या जागी असतो तर पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारला असता. रक्तात जंतू कुठून तरी येतात. ती जागा तशीच ठेवली तर जगातलं कोणतंही औषध जोर लावून थकतं. बाबांच्या बाबतीत संशयाच्या जागा तीन: सेंट्रल लाइन, पोट (जिथे आतडं जोडलं तिथे गळती किंवा पू साठणं) आणि लघवीची नळी. प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या भिंतीवर जंतू चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट शिरत नाही. नळी तिथेच ठेवून औषधं बदलत राहणं म्हणजे गळक्या नळाखाली फरशी पुसत बसणं.

लाइनच दोषी आहे का, हे ओळखायची एक सुरेख युक्ती आहे. एकाच वेळी लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून रक्त घेऊन कल्चरला लावायचं. दोन्हीकडे तोच जंतू वाढला आणि लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी यंत्रात वाजली (जंतू वाढल्याची सूचना आली), तर जंतूचं घर लाइनमध्ये आहे असं धरतात. बाबांचं बीपी खाली गेलं होतं. अशा वेळी बरेच डॉक्टर या निकालाची वाट न बघता लाइन काढून दुसरीकडे नवी घालतात, आणि तेच बरोबर. पोटाचं म्हणाल तर ताप आल्यानंतर सीटी स्कॅन झालाय का, सर्जननी त्यांना पुन्हा तपासलंय का, पू असेल तर नळी घालून काढता येईल का, हे विचारा. आयसीयूत फिजिशियन एका वेळी येतात आणि सर्जन दुसऱ्या. नातेवाईक दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि ‘पोटात काही आहे का’ हा प्रश्न मधल्यामध्ये लोंबकळतो. दोघांना एकत्र पाच मिनिटं भेटायची विनंती करा. या आठवड्यात याहून उपयोगी काम क्वचितच असेल.

आता पुण्याला न्यायचं की नाही. मोठ्या शहरात मोठं औषध असतं, हे दादांच्या मनात आहे. तसं नाही. बाबांना सुचवलेली औषधं पुण्यातही तीच असतील. हलवण्यामागे कारण हवं ते वेगळं: इथे पोटातला पू काढणारे रेडिओलॉजिस्ट नाहीत, डायलिसिसची सोय नाही, प्रयोगशाळेला चार दिवस लागतात, किंवा पुन्हा ऑपरेशन लागेल आणि ते इथे होणार नाही. यातलं एखादं कारण असेल तर जरूर हलवा. पण बीपी टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन वाढत्या मात्रेत चालू असेल, तर चार-पाच तासांचा रस्ता हाच मोठा धोका. आधी ते स्थिर होऊ द्या. दरम्यान संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाचं मत फोनवर किंवा व्हिडिओवर घेता येतं. टेलिमेडिसिनला आपल्याकडे २०२० पासून अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुमच्या फिजिशियनांनाच ‘तुम्ही कोणाशी बोलाल का?’ असं विचारा. बहुतेकांना त्यात कमीपणा वाटत नाही.

हलवायचं ठरलं तर डॉक्टर सोबत असलेली कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स घ्या. कल्चरचा पूर्ण रिपोर्ट, औषधांचा तक्ता आणि त्यावर शेवटचा डोस किती वाजता गेला ते, क्रिअ‍ॅटिनिनचे रोजचे आकडे, लाइन कधी घातली-कधी काढली त्या तारखा, हे सगळं सोबत असू द्या. आणि निघण्याआधी तिकडे फोन करून स्पष्ट सांगा की मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला आहे, वेगळी खोली ठेवा. हे लपवलं तर खाट लवकर मिळते असं काही जण सांगतात. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तो जंतू मिळतो.

‘हॉस्पिटलनेच जंतू घातला’ हा दादांचा संशय निराधार नाही. भरती झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला संसर्ग हॉस्पिटलमधला धरतात, आणि बाबांना तो सातव्या दिवशी झाला. पण क्लेबसिएला बाबांच्या स्वतःच्या आतड्यातूनही रक्तात आलेला असू शकतो, कारण तिथेच नुकतं ऑपरेशन झालंय. कल्चरच्या रिपोर्टवरून यातलं काय घडलं ते सिद्ध होत नाही. भांडण्याऐवजी ठोस गोष्टी विचारा: लाइन कोणत्या तारखेला घातली, तिची अजून गरज आहे का याची रोज नोंद होते का, पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचं दोन दिवसांनी बदलतात का, औषध सोडण्याआधी लाइनचं तोंड स्पिरिटने १५ सेकंद घासतात का. केसपेपरची प्रत मागितल्यावर ७२ तासांत देणं हे डॉक्टरांना बंधनकारक आहे, ती मागायला संकोच नको. आणि फिनेलच्या वासावरून स्वच्छता ठरवू नका. हा जंतू मुख्यतः हातांवरून एका खाटेहून दुसऱ्या खाटेला जातो. खाटेशी सॅनिटायझरची बाटली भरलेली आहे की आठवडाभर तेवढीच आहे, यावरून जास्त कळतं. तुम्हीही आत जाताना आणि बाहेर येताना हात चोळा, बांगड्या-अंगठ्या काढून, २० ते ३० सेकंद.

ताप लगेच उतरला नाही म्हणून घाबरू नका. योग्य औषध आणि जंतूचं घर काढणं दोन्ही झाल्यावरही दोन-तीन दिवस ताप राहू शकतो. बीपीची इंजेक्शनं कमी होताहेत का, लघवी वाढतेय का, लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) उतरतंय का, हे आधी सुधारतं. चौथ्या दिवशीही ताप तसाच असेल तर औषध बदला म्हणण्याआधी ‘पू कुठे राहिलाय का’ आणि ‘कल्चर पुन्हा लावलं का’ हे विचारा. बुरशीही, विशेषतः कॅन्डिडा, अशा पोटाच्या रुग्णात मागून येते.

किती दिवस इंजेक्शनं? नातेवाइकांना वाटतं, चिवट जंतू म्हणजे जास्त दिवस. २०२४ च्या ‘बॅलन्स’ चाचणीत रक्तातल्या संसर्गाच्या ३,६०८ रुग्णांत सात आणि चौदा दिवसांची तुलना झाली. ९० दिवसांतले मृत्यू सात दिवसांच्या गटात १४.५ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटात १६.१ टक्के, म्हणजे कमी दिवसांनी काही बिघडलं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण त्यात नव्हते. त्या जंतूला रक्त साफ झाल्यापासून निदान चौदा दिवस आणि हृदयाची इको तपासणी लागते. जंतू औषधांना दाद देत नाही एवढ्यावरून दिवस वाढवत नाहीत. मोजणी मात्र चालणारं औषध सुरू झालं आणि जंतूचं घर निघालं तिथून. दाद न देणाऱ्या मेरोपेनेमसारख्या औषधावर आधी गेलेले दिवस धरू नका.

ज्यांच्या घरचं माणूस अजून या टप्प्यावर नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट. हुडहुडी भरून ताप आला की ‘एवढं रक्त कशाला काढता’ म्हणून हात धरू नका. मोठ्या माणसाच्या एक मिली रक्तात कधी कधी एकही जंतू सापडत नाही, इतके ते विरळ असतात. म्हणून दोन वेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, अशा चार बाटल्या. सगळं मिळून कटिंग चहापेक्षा कमी. हे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी व्हावं, पण बीपी खाली असेल तर त्यासाठी औषध अडवू नये. लहान गावात बाटली कुरिअरची वाट बघत राहते आणि कुणीतरी काळजीने ती फ्रीजमध्ये ठेवतं. रक्ताच्या कल्चरची बाटली फ्रीजमध्ये कधीच ठेवायची नसते, ती तशीच लवकरात लवकर यंत्रात जायला हवी. आणि एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस निघाला तर तो बऱ्याचदा सुई टोचताना आलेला असतो. त्यावर दहा दिवस व्हँकोमायसिन घेण्याआधी ‘दुसऱ्या बाटलीत काय आलं?’ एवढं विचारा.

आईंना सांगा, ताट-वाटी वेगळी नको. जंतू बाबांच्या आतड्यात काही महिने राहू शकतो, पण धडधाकट माणसाला त्याने त्रास होत नाही आणि तो भांड्यांतून पसरत नाही. संडासहून आल्यावर साबणाने हात, जेवायला आणि स्वयंपाकाला बसण्याआधी साबणाने हात, टॉवेल ज्याचा त्याचा. लघवीची पिशवी असेल तर हातमोजे घालून रिकामी करा आणि नंतरही हात धुवा. कपडे नेहमीच्या पावडरने धुऊन उन्हात टाकले की झालं. बाबा ठणठणीत असताना ‘जंतू गेला का बघू’ म्हणून लघवीचं किंवा शौचाचं कल्चर करत बसू नका. तो निघेल, कुणीतरी औषध लिहील, आणि पुन्हा तेच चक्र. पुढे कधीही, अगदी मोतीबिंदूसाठी भरती करायची वेळ आली तरी, हा रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि भरती करतानाच दाखवा. एक फोटो आईंच्या फोनमध्येही ठेवा.

बाळाला बाबांनी खुशाल मांडीवर घ्यावं, हात धुऊन. लंगोट बदलायचं काम तेवढं दुसऱ्या कुणाकडे असू द्या.